काविळीचा विषाणू, पेशींच्या पुड्या आणि शिर्डीची साथ

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातला एक तिशीतला शेतकरी बायकोला घेऊन ओपीडीत आला. तिला सातवा महिना. डोळे हळदीसारखे पिवळे, चार दिवस उलट्या, लघवी काळ्या चहासारखी. गावात नाकात टाकायचं औषध देऊन झालं होतं, गळ्यात काविळीची माळही होती. मी तपासलं, रक्त घेतलं आणि ताबडतोब ॲडमिट करायला सांगितलं. तिला व्हीलचेअरवरून नेलं तेव्हा नवरा मागे थांबला आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, हे एक्सोसोमचं इंजेक्शन खराब लिव्हर नवं करतं म्हणतात. घेऊन जाऊ का मुंबईला? पैशाचं बघतो मी, उसाचं पेमेंट येणारे."

जाहिरातीत एक चकचकीत गोळा होता, त्याच्या आजूबाजूला सोनेरी बुडबुडे. किंमत लाखात.

त्या वेळी मी त्याला एवढंच सांगितलं की आत्ता गाडीत घालून तिला दोनशे किलोमीटर नेणं हाच सर्वांत मोठा धोका आहे, आणि हे इंजेक्शन काविळीवरचं सिद्ध झालेलं औषध नाही. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. पूर्ण उत्तर द्यायला तेव्हा वेळ नव्हता. ते इथे लिहितो आहे, कारण गेल्या वर्षभरात गुडघेदुखीपासून केस गळण्यापर्यंत आणि आता काविळीसाठीही 'एक्सोसोम घेऊ का' हे विचारणारा तो काही एकटा नाही. शिवाय या गोष्टीत एक विलक्षण योगायोग आहे. जाहिरातीतले ते बुडबुडे खरोखरच असतात, आणि त्या बाईच्या काविळीशी त्यांचा खरोखरच संबंध होता. फक्त तो जाहिरातीत दाखवला होता त्याच्या उलटा होता. तिच्या रक्तातला विषाणू त्याच बुडबुड्यांत लपून फिरत होता.

तिची हिपॅटायटिस ई ची तपासणी पॉझिटिव्ह आली. तुम्हाला 'बी' आणि 'सी' ही नावं माहीत असतील; त्या काविळी मुख्यतः रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला अशा होतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम करतात. 'ए' आणि 'ई' या पाण्यातून येणाऱ्या काविळी. 'ए' आपल्याकडे पूर्वी बहुतेकांना लहानपणीच होऊन जायची, अनेकदा कळायचीही नाही. 'ई' ही प्रामुख्याने तरुणांची कावीळ. बहुतेक जण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरे होतात. अपवाद गरोदर बाईचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. म्हणून त्या दिवशी मला बिलिरुबिनपेक्षा आयएनआरची, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीची, जास्त काळजी होती.

हा आजार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २०१८ साली शिर्डीत काविळीची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दीचं ते वर्ष. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, शास्त्रज्ञांनी त्या साथीचा अभ्यास केला. विषाणू निघाला हिपॅटायटिस ई, आणि कारण होतं पिण्याच्या पाण्यात मिसळलेलं सांडपाणी. ज्यांनी नळाला मोटर लावून पाणी ओढलेलं आहे, त्यांना हे कसं होतं ते सहज कळेल. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, त्यात ओढ तयार होते, आणि पाइप जिथे गटाराच्या शेजारून जातो तिथे एखादा फुटका सांधा असला की गटारातलं पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली बादली कोणाच्या तरी घरी जाते.

एनआयव्हीसाठी हा विषाणू अनोळखी नव्हता. त्याची ओळख पटवण्यातच पुण्याचा मोठा वाटा आहे, आणि ती हकिगत सुरू होते दिल्लीत.

१९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला, पात्र सरकलं, आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं वाहत वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचलं. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर दिल्लीकर ते पाणी प्यायले. केंद्रातल्या लोकांना गडबड कळली होती. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड, कॉलरा यांची मोठी साथ आली नाही. सगळ्यांना वाटलं, वाचलो. मग डिसेंबरमध्ये कावीळ सुरू झाली आणि जानेवारीपर्यंत सुमारे २९,००० लोकांचे डोळे पिवळे झाले. कावीळ झालेल्या गरोदर बायकांपैकी सुमारे १० टक्के दगावल्या. जीवाणू मारायला पुरलेलं क्लोरीन त्या गढूळ पाण्यातल्या या विषाणूला पुरलं नव्हतं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे लागेल. पाणी बिघडलं नोव्हेंबरमध्ये आणि लोक आजारी पडले डिसेंबर-जानेवारीत. मधल्या काळात विषाणू त्यांच्या अंगात होता आणि शरीराने बोंब ठोकली नव्हती.

जवळपास पंचवीस वर्षं सगळे धरून चालले होते की ती साथ हिपॅटायटिस ए ची होती. वैद्यकीय पुस्तकांतही तसंच. पण शंका घ्यायला जागा होती. 'ए' लहान मुलांना होतो, मग इथे तरुण माणसं का आजारी पडली? गरोदर बायका का गेल्या? उत्तर शीतपेटीत पडून होतं. दिल्लीच्या साथीतली आणि १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतली सीरम जपून ठेवलेली होती. १९७० च्या दशकात 'ए' आणि 'बी' ओळखणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा एनआयव्हीच्या डॉ. खुर्शीद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रॉबर्ट परसेल यांच्या गटाबरोबर ती जुनी सीरम तपासली. १९८० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: हा 'ए' नाही आणि 'बी'ही नाही. त्याच वर्षी काश्मीरचे डॉ. मोहम्मद सुल्तान खुरू यांनी १९७८ च्या तिथल्या साथीवरून स्वतंत्रपणे तेच सांगितलं.

पंचवीस वर्षं कोणीतरी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसू दिल्या नाहीत, फ्रीज बंद पडू दिला नाही. आपल्या देशात कागदसुद्धा इतका टिकत नाही. मला या सगळ्या इतिहासात त्या अज्ञात तंत्रज्ञांचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

१९८३ मध्ये मिखाईल बालायान या रशियन विषाणुतज्ज्ञाने जे केलं ते आजच्या कुठल्याही नीतिमत्ता समितीने करू दिलं नसतं. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये कावीळ पसरली होती. बालायान यांनी नऊ रुग्णांच्या शौचाचा अर्क एकत्र करून स्वतः प्यायला. त्यांना 'ए' आधीच होऊन गेलेला होता, त्यामुळे जे होईल ते नव्या विषाणूचंच असणार. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या शौचात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोल कण दिसले, २७ ते ३० नॅनोमीटरचे. एनआयव्हीतही डॉ. श्रीनिवासन, डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रुग्णांच्या शौचात असे कण दाखवले, आणि १९८८ मध्ये याच कणांचा या काविळीशी संबंध असल्याचा पुरावा मांडला. १९९० मध्ये अमेरिकेत विषाणूचा जनुकीय धागा हाती लागला आणि नाव पडलं हिपॅटायटिस ई. पुढे अरणकल्ले यांच्या गटाने देशातल्या अनेक जुन्या साथींची सीरम पुन्हा तपासली. पाण्यातून आलेल्या बहुतेक साथी 'ई'च्याच निघाल्या.

आता त्या छत्तीस दिवसांकडे या. हिपॅटायटिस ई चा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. एवढा वेळ तो यकृतात वाढतो, रक्तात फिरतो, शौचातून बाहेर पडायला लागतो, आणि माणूस शेतात कामाला जात असतो. सर्दीचा विषाणू दोन दिवसांत नाक गळायला लावतो. मग हा इतका गुपचूप कसा राहतो?

आणखी एक कोडं होतं. प्रयोगशाळेत शौचातला विषाणू आणि रक्तातला विषाणू यांचं वजन वेगळं भरायचं. साखरेच्या द्रावणाचे पातळ-घट्ट थर नळीत एकावर एक घालून ती जोरात फिरवली की प्रत्येक कण आपापल्या घनतेच्या थरावर स्थिरावतो. (साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून मला हे तंत्र वाचताना नेहमी गंमत वाटते.) शौचातला विषाणू खालच्या घट्ट थरात बसायचा, साधारण १.२७ घनतेला. रक्तातला वर तरंगायचा, १.१५ च्या आसपास. म्हणजे रक्तातल्या विषाणूबरोबर काहीतरी हलकं, तेलकट होतं. जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठातल्या हिरोआकी ओकामोतो यांच्या गटाने हे धागे पकडले. पण त्यांना उत्तर मिळालं ते दुसऱ्याच एका शाखेमुळे, जिचा तोवर काविळीशी काही संबंध नव्हता.

ती शाखा म्हणजे पेशींच्या कचऱ्याचा अभ्यास. १९४६ मध्ये अर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त कसं गोठतं ते तपासत होते. पेशी काढून टाकलेलं रक्तद्रव त्यांनी फार वेगाने फिरवलं तर तळाला काहीतरी साचलं, आणि ते काढून घेतल्यावर उरलेलं रक्तद्रव गोठायला वेळ लागू लागला. पेशी तर नव्हत्या, मग हे काय? १९६७ मध्ये पीटर वोल्फ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्याला 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. नाव अगदी बरोबर बसलं. धुळीकडे कोण लक्ष देतो?

१९८३ मध्ये दोन ठिकाणी एकाच वेळी तीच गोष्ट दिसली. अमेरिकेत सेंट लुईसला उंदरांच्या कोवळ्या लाल पेशींत, आणि कॅनडात माँट्रियलला रोझ जॉनस्टन यांच्या प्रयोगशाळेत मेंढीच्या. लाल पेशी पक्व होताना लोह आत घ्यायची आपली 'दारं' टाकून देते, कारण आता तिला त्यांचा उपयोग नसतो. ती दारं कुठे जातात हे शोधताना दिसलं, की पेशी ती बारीक पुड्यांत बांधून बाहेर फेकते. पद्धत अशी: पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्यात आतल्या बाजूला छोट्या छोट्या पुड्या सुटतात, मग ती मोठी पिशवी पेशीच्या भिंतीला येऊन चिकटते, तोंड उघडते आणि पुड्या बाहेर सांडतात. किराणा दुकानातलं पुड्यांनी भरलेलं पोतं दाराशी आणून मोकळं करावं तसं. जॉनस्टन यांनी १९८७ मध्ये या पुड्यांसाठी 'एक्सोसोम' हे नाव वापरलं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या प्रकारच्या पुड्यांना मिळून शास्त्रीय भाषेत पेशीबाह्य पुटिका म्हणतात. आपण पुडीच म्हणू. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर.

तरीही बहुतेकांच्या लेखी तो कचराच होता. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनी सोडलेल्या पुड्या दुसऱ्या प्रतिकारपेशींना कामाला लावू शकतात. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या यान लोटवाल यांच्या गटाला पुड्यांमध्ये आरएनए सापडला, म्हणजे एका पेशीने दुसरीला लिहिलेली चिठ्ठीच, आणि घेणाऱ्या पेशीने त्या चिठ्ठीबरहुकूम प्रथिन बनवूनही दाखवलं. तेव्हा धूळ म्हणून झाडून टाकलेली गोष्ट एकदम टपाल खातं ठरली.

आता विचार करा, तुम्ही विषाणू असता तर काय केलं असतं? सगळ्या पेशींत फिरणारं टपाल, ज्याच्यावर शरीराचाच शिक्का आहे, जे कोणी उघडून पाहत नाही. २००३ मध्येच स्टीफन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीबद्दल हा तर्क मांडला होता, की तो पेशीची ही पुड्या बांधायची यंत्रणाच वापरून बाहेर पडतो. पण एचआयव्हीला स्वतःचं वेष्टन असतंच. खरा धक्का बसला तो 'ए' आणि 'ई'मुळे. हे दोन्ही विषाणू पुस्तकात 'उघडे', म्हणजे वेष्टन नसलेले, अशा यादीत होते. मीही एमबीबीएसला तसंच पाठ केलं होतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टॅन्ली लेमन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की हिपॅटायटिस ए चा विषाणू यकृताच्या पेशीतून बाहेर पडताना पेशीचंच पातळ आवरण पांघरून निघतो. २०१४ मध्ये ओकामोतो यांच्या गटाने 'ई'बद्दल दाखवलं की तो बाहेर पडतो तो थेट एक्सोसोमच्या मार्गाने, त्या मोठ्या पिशवीतल्या पुडीत बसून. साखरेच्या थरावर वर तरंगणारं ते हलकं, तेलकट 'काहीतरी' म्हणजे पुडीचं आवरण होतं.

मग शौचातला विषाणू उघडा का? कारण वाटेत पित्त लागतं. यकृताच्या पेशीची एक बाजू रक्ताकडे असते आणि दुसरी पित्तनलिकेकडे. पित्त हा शरीराचा साबण. चरबी विरघळवणं हेच त्याचं काम. रक्ताकडे गेलेला विषाणू पुडीतच राहतो. पित्ताकडे गेलेल्याची पुडी धुऊन निघते आणि तो उघडा होऊन आतड्यात उतरतो.

माझ्या मते या विषाणूचं सगळं कसब इथे आहे. चरबीचं आवरण नाजूक असतं. साबणाने, पित्ताने, उन्हाने ते जातं. पुडीतलाच विषाणू गटारात गेला असता तर फार टिकला नसता. उघडा विषाणू मात्र कडक कवचाचा. तो सांडपाण्यात तग धरतो. उलट रक्तात उघडं फिरणं त्याला परवडलं नसतं, कारण तिथे प्रतिपिंडं वाट पाहत असतात. पुडीतल्या विषाणूला ती पकडू शकत नाहीत, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पुडीचा त्याला तोटाही आहे. २०१६ च्या एका अभ्यासात पुडीतला विषाणू पेशीत शिरायला उघड्यापेक्षा सावकाश आणि कमी कार्यक्षम आढळला, कारण आत गेल्यावर आधी ते आवरण विरघळावं लागतं. पण घाई कोणाला आहे? त्याच्याकडे छत्तीस दिवस आहेत.

पोलिओ आणि रोटा विषाणूंनी आणखी वेगळी चाल केली आहे. एका पुडीत अनेक विषाणू बसून एकगठ्ठा पुढच्या पेशीत जातात, हे पोलिओबद्दल २०१५ मध्ये दिसलं. २०१८ मध्ये रोटा विषाणूच्या अशा पुड्या शौचातही सापडल्या. म्हणजे प्रत्येकाची पुडी बांधायची रीत निराळी.

याचा रुग्ण म्हणून तुम्हाला उपयोग काय? एक म्हणजे, गावात कावीळ दिसू लागली आणि त्या दिवशी पाण्याचा नमुना तपासला तर तो चांगला निघू शकतो. चोर महिन्यापूर्वी येऊन गेलेला असतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पाण्याचा दोष नाही' हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे. ते चूक आहे. शिवाय नेहमीची तपासणी जीवाणू शोधते, विषाणू नाही. दुसरं, कावीळ झालेल्याला वेगळं ताट-वाटी देऊन कोपऱ्यात बसवण्याची गरज नाही. 'ई' माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. संडासनंतर साबणाने हात धुणं आणि त्याने आजारपणात दुसऱ्यांसाठी स्वयंपाक न करणं पुरतं. तिसरं, रक्तातल्या पुडीतल्या विषाणूमुळे क्वचित रक्त चढवण्यातूनही हा आजार जाऊ शकतो. ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनीत दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी होते.

आता त्या शेतकऱ्याच्या जाहिरातीकडे.

पुड्यांना पेशींचं टपाल म्हटल्यावर औषध त्याच टपालाने पाठवता येईल, ही कल्पना सुचणं साहजिक होतं, आणि ती चांगली कल्पना आहे. २००५ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांवर अशा पुड्यांच्या पहिल्या छोट्या चाचण्या झाल्या. धोका कमी दिसला, फायदाही बेताचाच. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एसेनमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीत एका रुग्णाला मूळपेशींपासून मिळवलेल्या पुड्या देऊन सुधारणा दिसली. एका रुग्णाला. कोरोनात श्वासाच्या गंभीर त्रासासाठी अमेरिकेत दुसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली, रुग्ण सुमारे शंभर; निष्कर्ष आशा वाटावी असे, पण औषध म्हणून मान्यता मिळावी एवढे भक्कम नाहीत. पुड्यांच्या जातीची एकच गोष्ट नियमित वापरात आली आहे, आणि ती माणसाच्या पेशीची नाहीच: मेंदूज्वराच्या बी प्रकारावरच्या लशीत त्या जीवाणूच्याच बाह्य आवरणाच्या पुड्या वापरतात. न्यूझीलंडने २००४ पासून अशी लस देऊन साथ आटोक्यात आणली.

बाजारात मात्र चाचण्यांची वाट कोणी पाहिली नाही. नाळेतून, गर्भजलातून, चरबीतून काढलेल्या पुड्या म्हणून बाटल्या विकल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. नेब्रास्का राज्यात अशी मान्यता नसलेली इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. एक्सोसोमच्या एकाही उत्पादनाला त्या प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. काविळीसाठी तर असं मान्य औषध आपल्याकडेही नाही.

आणि आता वर सांगितलेली गोष्ट आठवा. विषाणू या पुड्यांतूनच प्रवास करतात, त्यांचा आकार आणि घनता पुड्यांसारखीच असते. दुसऱ्या माणसाच्या पेशींतून पुड्या काढताना त्यातला विषाणू तेवढा गाळून वेगळा करणं हे चांगल्या प्रयोगशाळांनाही अवघड जातं. ज्या बाटलीवर बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक नाही, तिच्यात हे कोणी केलं असेल असं मी तरी मानणार नाही.

मला कोणी म्हणतं, डॉक्टर, तुम्ही नव्या गोष्टींच्या विरोधात आहात. तसं नाही. नवी आणि खरी गोष्ट या आजारात आहे, ती म्हणजे लस. २००७ मध्ये नेपाळच्या सैनिकांवर एका लशीची चाचणी यशस्वी झाली, पण ती लस बाजारात आलीच नाही. चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या लशीची चाचणी एक लाखाहून जास्त लोकांवर झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आला आणि २०११ मध्ये चीनने तिला परवाना दिला. तीन डोस पूर्ण घेतलेल्यांत त्या वर्षभरात एकालाही हिपॅटायटिस ई झाला नाही. रक्तातला विषाणू पुडीत लपत असेल तर लस कशी चालते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही लेख नीट वाचलात. पाण्यातून येणारा पहिला विषाणू नेहमी उघडाच असतो. पुडी त्याला यकृतात गेल्यावर मिळते. प्रतिपिंडं आधीपासून तयार असली तर तो पुडीपर्यंत पोचायच्या आत सापडतो. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या निर्वासित छावणीत साथ चालू असताना ही लस पहिल्यांदा वापरली गेली. आपल्या मेडिकलच्या दुकानात ती मिळत नाही.

तोवर पाणी. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. कोमट करून उपयोग नाही. क्लोरीनचे थेंब टाकले तर अर्धा तास थांबा, आणि पाणी गढूळ असेल तर आधी गाळून किंवा तुरटी फिरवून निवळा. दिल्लीत तेच नडलं होतं. गावातल्या जलसुरक्षकाला टीसीएल पावडर कधी टाकली आणि ओटी टेस्ट कधी केली ते विचारायला लाजू नका, त्याची वही असते. काविळीला उसाचा रस चांगला म्हणून रसवंतीवर जाणाऱ्यांनी त्यातल्या बर्फाचं पाणी कुठून आलं तेही विचारावं. रस वाईट नाही, बर्फ वाईट असू शकतो. नाकात टाकायच्या औषधाने पिवळं पाणी गळतं ती कावीळ नसते, नाकाच्या आतल्या त्वचेची आग झालेली असते. आणि घरात गरोदर बाई असेल, तिला कावीळ दिसली, तर वाट पाहू नका. झोप उलटी होणं, बरळणं, हिरड्यांतून रक्त येणं, उलट्या न थांबणं यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

त्या बाईचा आयएनआर तिसऱ्या दिवशी वाढला. दोन रात्री आम्ही कोणी नीट झोपलो नाही. सलाईन, साखरेवर लक्ष, प्लाझ्मा, दर सहा तासांनी तपासणी, यापलीकडे आमच्याकडे काही नव्हतं आणि कोणाकडेच नसतं. पाचव्या दिवशी तो उतरू लागला. अठराव्या दिवशी ती घरी गेली, आणि दिवाळीच्या आसपास तिला मुलगी झाली. बाळाचं वजन थोडं कमी होतं, बाकी ठीक.

नवरा बारशाचे पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, पाण्याचं काय झालं? तो म्हणाला, आमच्या गल्लीत आणखी सहा जणांना कावीळ निघाली, मग पंचायतीने पाइपलाइन उकरली. गटाराखालून जात होती. सांधा फुटलेला होता आणि त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, ती कोणी आणि कधी गुंडाळली ते कोणालाच आठवत नव्हतं.